भाकणूक

प्रबंधाच्या तक्त्यात शेवटचा रकाना अरुंद होता,
त्यात शून्य किंवा एक, एवढंच मावायचं.
बाकीचे ऐसपैस:
वय, साखर, फेरिटिन, डी-डायमर,
बोटावरचा ऑक्सिजन, सीटीचा स्कोअर पंचविसापैकी.
सर म्हणाले, पहिल्या चोवीस तासांतलेच आकडे घ्या
आणि बघा सांगता येतं का, कोण राहील.

मे महिना. सिव्हिलच्या बाहेर त्रेचाळीस,
आत बेड अकराच्या बोटावर एक्क्याऐंशी.
किटमधला घाम बुटांत उतरायचा,
चालताना पचपचायचा.

बेड अकरा म्हणजे राजेशाम येमूल, बावन्न,
यंत्रमागावर टॉवेल विणणारे.
छातीत तीस वर्षांची सुताची पूड
आणि तिच्यावर आता हे.
मास्कच्या आत तेलुगूत काहीतरी मोजत राहायचे.
मला वाटलं जप असेल.
वॉर्डातले मामा म्हणाले, जप कसला मॅडम,
धोट्याच्या फेऱ्या मोजलालेत.

फेरिटिन सोळाशेच्या पुढे आमचं मशीन वाचत नव्हतं.
तक्त्यात मी सोळाशे लिहिलं.
पुढचं किती, ते कुणीच लिहिलं नाही.

सूत्रात आकडे घातले. शून्य पूर्णांक ब्याऐंशी.
म्हणजे असे शंभर राजेशाम असते
तर त्यातले ब्याऐंशी.
पण शंभर नव्हते ओ.
एकच होते, आणि त्यांची बायको
गेटजवळच्या मांडवात, कापडी पिशवी मांडीवर धरून.
वरणभात, आणि कागदाच्या पुडीत शेंगाचटणी,
तोंडाला चव नाही म्हणाले होते म्हणून.

बरं आहे का, असं ती विचारायची नाही.
वाचतील का, तर कधीच नाही.
रोज रात्री फोनवर एवढंच,
"मॅडम, उद्या डबा देऊ का नको?"

लहानपणी होम मैदानावर बाबांच्या खांद्यावरून
मी भाकणुकीचं वासरू पाहिलं होतं.
दिवसभर उपाशी ठेवलेलं.
पुढ्यात धान्य, गूळ, गाजरं,
आणि भोवती श्वास धरून उभं सगळं गाव.
तोंड लावेल ते महागणार,
बिचकलं तर वर्ष वाईट.
मला त्या वर्षाचं काहीच वाटलं नव्हतं.
मी बाबांचे केस ओढत म्हणत होते,
भूक लागलीय त्याला, खाऊ द्या की.

सातव्या रात्री फोन आला
तेव्हा ब्याऐंशी माझ्या जिभेवर होते.
मी म्हटलं, द्या.
वरण जरा पातळ करा.
हे खोटं बोलणं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.
(प्रबंध मंजूर झाला. शंभरात एकोणऐंशी वेळा
सूत्र बरोबर आलं. सरांनी पेढे वाटले.)

पहाटे सव्वापाचला.
आठला खिडकीत डबा आला, झाकणावर चिकटपट्टी,
"बेड ११ येमूल", अक्षर शाळेतल्या पोराचं.
मी अजून कळवायची होते.
मावशी बेडवर चादर बदलत होत्या.
डबा हातात घेऊन त्यांनी पाहिलं, अजून गरम होता,
आणि काही न विचारता बेड बाराला दिला.

बेड बारा: नरसम्मा गुंडला, अडुसष्ट, विड्या वळणाऱ्या,
सूत्राने शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
घासाघासाला दम घेत त्यांनी भात संपवला,
पुडीतली चटणी बोटाने पुसून खाल्ली,
आणि जूनमध्ये चालत घरी गेल्या.
परिशिष्टात तळटीप आहे त्यांच्यावर, दोन ओळींची.

दुपारी सामान परत दिलं.
चष्मा, आधार कार्ड, चार्जर, डबा.
तिने आधी डबाच उघडला.
आतल्या रिकाम्या कप्प्याकडे
ती बराच वेळ बघत राहिली.
"जेवल्यात की ओ," म्हणाली.

मी मान हलवली.
किटमधली हललेली मान
बाहेरून दिसते का, माहीत नाही.